'काही होणार नाही' म्हणणाऱ्यांस

"माणसे कधी एकत्र येणार नाहीत, जो तो आपल्या विहिरीपुरते पाहणार," हे वाक्य शिरूर-दौंड परिसरात अनुभवाचे बोल म्हणून खपते. ते उच्चारणारा शहाणा ठरतो आणि प्रतिवाद करणारा भाबडा. ही वाटणी मला मुळातच अमान्य आहे.

निराशावाद्यांपाशी पुरावा नाही असे नव्हे. पुण्याचे सांडपाणी घेऊन आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेस मिळते. नदीकाठी ऊस डुलतो आणि केंदूर-पाबळच्या कोरडवाहू पट्ट्यात टँकरची वाट पाहावी लागते. शास्त्रज्ञ काहीतरी शोधून काढतील म्हणून स्वस्थ बसणाऱ्या आशावाद्यांशीही माझे जमत नाही.

परंतु नारूचे काय झाले, याचे उत्तर या शहाण्यांनी द्यावे. पायातून हात-दोन हात लांबीचा जंत बाहेर पडे. त्यावर ना लस होती, ना औषध. रोग्याचा पाय बारवेत बुडाला की पाणी दूषित होई आणि ते पिणारा वर्षभराने अंथरुणाला खिळे. १९८४ साली देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते. बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. लोकांनी पाणी कापडाने गाळले, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, आरोग्यसेवकांनी घरोघर रुग्ण शोधले. १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण आढळला नाही आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

यावर म्हटले जाईल, नारूत कोणाचा स्वार्थ नव्हता, पाण्यात आहे. आक्षेप रास्त आहे. म्हणून दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील नायगावकडे पाहावे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने तेथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. स्वार्थ असलेल्या माणसांनीच हे नियम स्वीकारले आणि वर्षानुवर्षे पाळले.

पुढे यांपैकी काही योजना बंद पडल्या, हे निराशावाद्यांचे आवडते अस्त्र. किंबहुना नायगावचे नाव त्यांना तेवढ्यापुरतेच ठाऊक असते. बंद पडलेल्या सहकारी कारखान्यांमुळे ऊस लावणे कोणी सोडल्याचे मात्र ऐकिवात नाही! ज्याच्या विहिरीवर दहा अश्वशक्तीची मोटार बसली आहे, त्याला 'काही होणार नाही' हे तत्त्वज्ञान सोयीचे असते. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते परवडत नाही. ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मागायला तीच उठते, आणि मागच्या रांगेतून हसू येते ते या शहाण्यांचे.