माघारीचा आकडा उड्डाणाआधीच

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि अमरावतीकरांना एक नवी तक्रार मिळाली : ढग खाली आले की विमान रद्द, मग उपयोग काय? ती समजण्यासारखी आहे. कोणाची बैठक असते, कोणाची मुंबईच्या दवाखान्यातली तारीख असते. पण याच बेलोऱ्यासाठी एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्थेची घोषणा केली, त्यासाठी एका इंजिनाची ३१ आणि दोन इंजिनांची ३ विमाने मागवली. म्हणजे विशी-बाविशीची मुले-मुली छोट्या विमानांतून अमरावती-अकोल्याच्या आभाळात फिरणार. उत्तरेला गाविलगडचे डोंगर आहेत. चिखलदऱ्याच्या घाटात ढग रस्ता कसा गिळतो, हे पावसाळ्यात तिकडे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथे गाडी कडेला लावता येते.

क्षितिज दिसेनासे झाले की आपला कानच आपल्याला फसवतो. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव हलला की डोके वळल्याचे मेंदूला कळते. पण वळण सावकाश, एकसारखे असेल तर थोड्याच वेळात द्रवही नलिकेच्याच वेगाने फिरू लागतो आणि संदेश थांबतो. विमान कलून गिरक्या घेत खाली जात असते, वैमानिकाला मात्र आपण सरळ चाललो आहोत असेच वाटते. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने, केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांची बाहेरची नजर बंद करून पाहिली. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत!

सरावाने कानाची फसवणूक ओळखता येते. मनाची ओढ मात्र अनुभवी माणसालाही सोडत नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले विमान कोळिकोडला भर पावसात धावपट्टीवरून घसरून खाली कोसळले. २१ जण गेले. कॅप्टन दीपक साठे हवाई दलात नावाजलेले, मानाची तलवार मिळवलेले वैमानिक. चौकशी अहवालानुसार पहिला प्रयत्न सोडून दिल्यावर दुसऱ्या वेळी विमान जवळपास अर्धी धावपट्टी ओलांडून टेकले; सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सुचवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही त्यांच्याकडेच होते आणि वेळेत तिथेच उतरण्याची ओढ त्यामागे होती, असे अहवालात नोंदलेले आहे. मुक्काम जितका जवळ, तितके परत फिरणे जड जाते.

म्हणून हा निर्णय आभाळात घ्यायचाच नसतो. डोळ्यांच्या भरवशावर उडायचे तर साधारण पाच किलोमीटरपर्यंतचे दिसायला हवे. पण हवा एकदम बिघडत नाही. पाचाचे साडेचार होतात, साडेचाराचे चार, आणि प्रत्येक वेळी मन म्हणते, आत्ताच तर पाच होते. नवशिक्याने स्वतःचा आकडा नियमापेक्षा वर ठेवावा, आठ म्हणा, आणि निघण्याआधी कागदावर लिहावा. शेजारी दोन ओळी आणखी : किती वाजेपर्यंत ढग वर गेले नाहीत तर फिरायचे, आणि कुठे उतरायचे. वर्षानुवर्षे विस्ताराची वाट पाहणारी अकोल्याची शिवणीची धावपट्टी मोठ्या विमानांना आखूड पडते, शिकाऊ विमानाला ती आसरा ठरू शकते. ती कोरडी, मोकळी आणि वापरात ठेवणे हे सरकारचे काम आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. वैमानिक होण्याचा खर्च लाखांत जातो आणि तो बहुतेक घरी कर्ज काढून भागवला जातो. अर्धवट राहिलेली फेरी पुन्हा करावी लागली तर तिचे पैसे कोण देणार, हा हिशेब परत फिरताना मुलाच्या डोक्यात असणारच. हवेमुळे सोडलेल्या फेरीचा खर्च प्रशिक्षण संस्थांनी स्वतः उचलावा, आणि तसे प्रवेशाच्या करारातच लिहून द्यावे.