न थांबणारा घास

दर वर्षी १० ऑक्टोबरला येणारा जागतिक मानसिक आरोग्य दिन नवरात्राच्या आगेमागेच पडतो. सोलापुरात हे दिवस उपवासाचे. रूपाभवानीच्या देवळाकडे पहाटेपासून रीघ लागते. कुणी नऊही दिवस धरतं, कुणी उठता-बसता, कुणी फक्त फळांवर राहतं. कोजागरीला तुळजापूरची पंचेचाळीस किलोमीटरची वाट पायी तुडवली जाते आणि तोवर दिवाळीच्या भाजणीचा विषय निघालेला असतो. खाणं आणि न खाणं या दोन्हींबद्दल आपण या महिन्यात जितकं बोलतो तितकं एरवी बोलत नाही. मानसिक आरोग्य दिनाची भाषणं नैराश्यावर, व्यसनांवर, परीक्षेच्या ताणावर होतात आणि ती व्हायलाच हवीत. आज या जागेवर आम्ही मात्र अशा त्रासाबद्दल लिहीत आहोत, जो स्वयंपाकघरात, दार लोटून घेऊन, एकट्यानं भोगला जातो आणि ज्याला आजार म्हणायला आपली जीभ अजून वळत नाही.

घर झोपल्यावर डबा उघडला जातो. आधी शेंगापोळीचा एक तुकडा, मग सगळी चळत. मग कडक भाकरीचा चुरा, त्यावर चटणी आणि दही, उरलेला भात, मुलांसाठी आणलेली बिस्किटं. भूक नसते. चवही कळत नसते. थांबायला हवं हे कळत असतं, तरी हात थांबत नाही. पोट दुखू लागल्यावरच ते संपतं. मग रिकामे पुडे कचऱ्याच्या तळाशी लपवायचे, डब्यातल्या वड्या पसरून ठेवायच्या आणि अंथरुणावर पडून स्वतःची किळस करत ठरवायचं, की उद्या काही म्हणजे काही खायचं नाही.

अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९५९ साली अशा खाण्याची पहिल्यांदा शास्त्रीय नोंद केली. स्वतंत्र विकार म्हणून त्याला मान्यता मिळायला २०१३ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ दाखल झाली आणि २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तिला जागा मिळाली. लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाणं किंवा हुरडा पार्टीत पोटाला तडस लागेपर्यंत खाणं म्हणजे हा विकार नाही. थोड्या वेळात इतरांच्या मानानं फार जास्त खाल्लं जाणं, त्या वेळी स्वतःवरचा ताबा सुटल्यासारखं वाटणं, नंतर तीव्र शरम वाटणं, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं सलग तीन महिने घडणं, अशी त्याची ओळख सांगितली आहे. खाल्लेलं मुद्दाम उलटून काढणं किंवा जुलाबाची औषधं घेणं हे त्यात नियमानं नसतं. ते असेल तर तो बुलिमिया, म्हणजे दुसरा आजार. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत तिथल्या साडेतीन टक्के स्त्रियांना आणि दोन टक्के पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झाल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. पुरुषांचा हा आकडा मुद्दाम सांगतो आहोत, कारण आपल्याकडे पुरुषाचं असं खाणं ‘खाणारा गडी’ म्हणून कौतुकात दडून जातं. शिवाय हा त्रास असलेला प्रत्येक माणूस लठ्ठ नसतो. अंगावर काही दिसत नाही, म्हणून मनात काही नाही असं धरून चालता येत नाही.

हे होतं कशानं? लोकांच्या तोंडी उत्तर तयार असतं: जिभेवर ताबा नाही. नेमकं हेच उत्तर चुकीचं आहे आणि त्यानं माणसं आणखी खोलात जातात.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी छत्तीस तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण शरीरानं आणि मनानं धडधाकट आहेत, याची पारख करूनच त्यांना निवडलं होतं. सहा महिने त्यांना गरजेच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिलं गेलं. वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं, पण त्याहून विलक्षण गोष्टी मनात घडल्या. ज्यांना स्वयंपाकाशी कधी देणंघेणं नव्हतं, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ताटल्या चाटू लागले. बोलण्यात अन्न, स्वप्नात अन्न. काहींनी चोरून खाल्लं आणि नंतर अपराधी वाटून ते कोसळले. प्रयोग संपून हवं तितकं अन्न समोर आलं, तेव्हा काही जण पोट तुडुंब भरल्यावरही खात राहिले आणि पोट भरल्याची जाणीव परत यायला महिने गेले. ही माणसं अधाशी नव्हती. उपाशी ठेवलेल्या शरीरानं आपला हिशेब वसूल केला होता.

आपल्या घरांत रोज रात्री हेच घडतं, फक्त त्याला प्रयोग म्हणत नाहीत. सोमवारपासून भात बंद, गोड बंद, रात्रीचं जेवण बंद. तीन दिवस निभावतं, चौथ्या संध्याकाळी ऑफिसात कुणी टाकून बोललं किंवा घरात भांडण झालं, की बांध फुटतो. मग शरम, आणि शरमेपोटी आणखी कडक नेम. जितका नेम कडक, तितका पुढचा फुटवा मोठा. प्रत्येकाच्या बाबतीत सुरुवात उपासमारीनंच होते असं नाही. नैराश्य, लहानपणीचे आघात, घराण्यातून आलेली प्रवृत्ती, शरीरावरून झालेली हेटाळणी, यांतलं काहीही मुळाशी असू शकतं. पण एकदा सुरू झालेलं हे चक्र चालू ठेवण्याचं काम बहुतेक वेळा पुढचा उपासच करतो.

सोलापूरच्या बाबतीत यात आणखी एक धागा आहे आणि आम्हाला तो फार मोलाचा वाटतो. हा जिल्हा भुकेची आठवण बाळगून आहे. १८७६-७८च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होता. १९७२चा दुष्काळ तर आजच्या आज्या-आजोबांनी अंगावर काढला आहे: खडी फोडण्याची कामं, रांगेत मिळणारी सुकडी, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. त्या पिढीनं ताटात काही टाकू दिलं नाही, पोट भरल्यावरही आग्रह करून वाढलं, उरलेलं शिळं स्वतःच्या पोटात ढकललं. त्यामागं माया होती आणि भीतीही होती. त्या आग्रहाला कुणी दोष देऊ नये. पण अन्नाची चणचण आणि अनावर खाणं यांचं नातं आता अभ्यासातही दिसू लागलं आहे. अमेरिकेत सॅन अँटोनिओ शहरात मोफत धान्य नेणाऱ्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा ज्यांच्या घरी अन्नाची ओढाताण सर्वांत जास्त, त्यांच्यातच असं खाणंही जास्त आढळलं. हा श्रीमंतांचा चोचला असल्याचा समज त्यानं मोडीत निघतो.

आता सोलापूरच्या पूर्वभागातल्या एखाद्या विडी कामगार बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. मजुरी हजार विड्यांमागं मिळते, त्यामुळे मांडीवरचं सूप खाली ठेवून जेवायला उठणं म्हणजे पैशाचं नुकसान. सकाळी चहा, दुपारी जमलं तर दोन घास. रात्री नवरा, मुलं, सासू-सासरे जेवले की सर्वांत शेवटी ओट्याशी उभ्यानं, उरलेलं. दिवसभराची भूक, दिवसभराचा थकवा आणि वाया जाऊ नये म्हणून समोर असलेलं अन्न, सगळं एकाच वेळी तिच्या वाट्याला येतं. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या शिक्षिकेचं, परिचारिकेचं, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीचं वेळापत्रक फार निराळं नाही. या साऱ्याजणींना हा विकार असतो असं आमचं म्हणणं नाही. तो रुजायला लागणारी जमीन मात्र घरातल्या जेवणाच्या क्रमानं तयार होते, आणि तो क्रम बदलणं घरातल्या पुरुषांच्या हातात आहे. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायला पैसे लागत नाहीत.

घरातल्या बोलण्याबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. ‘बकासुर’, ‘हावरट’, ‘भस्म्या झालाय का’, ‘असंच खात राहिलीस तर स्थळ कोण आणणार’ ही वाक्यं माणसं हसत बोलतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी ती ऐकते आणि सर्वांसमोर कमी खायला शिकते. सर्वांसमोर न खाल्लेलं मग सर्वांच्या मागं खाल्लं जातं. मामी, मावशी, काकू यांना आमची हात जोडून विनंती आहे, की या दिवाळीला भेटल्याभेटल्या कुणाच्या वजनावर पहिलं वाक्य बोलू नका. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हेसुद्धा नको, कारण ती बारीक कशानं झाली हे तुम्हाला माहीत नसतं.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आहारावरून केवढी चर्चा रंगली होती. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं दोनदाच जेवण की ऋजुता दिवेकर यांचं थोडं-थोडं वारंवार खाणं, यावर घराघरांत दोन तट पडले. ते वाद ज्यांना ठरवल्यावर थांबता येतं अशा लोकांसाठी होते. ठरवूनही ज्याला थांबता येत नाही, त्याच्या हाती कोणताही तक्ता दिला तरी तो मोडणार, आणि मोडल्यावर तो स्वतःला आणखी नालायक ठरवणार. २०२५पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं भारतात मिळू लागली आहेत. मधुमेह आणि स्थूलतेवर त्यांचा उपयोग आहे. या विकारावरचा उपचार म्हणून मात्र त्यांना मान्यता नाही, आणि रात्रीच्या त्या तासामागचं दुःख त्यांना दिसत नाही.

यातून बाहेर पडता येतं. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी यावर अनेक वर्षं काम करून उपचाराची एक पद्धत बसवली, आणि १९९५ साली सामान्य वाचकांसाठी पुस्तकही लिहिलं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१७ साली, जाणकाराच्या मदतीनं केलेला स्वयंअभ्यास हाच प्रौढांसाठी पहिला उपचार सुचवला. त्याचा गाभा ऐकून आपल्याकडचा माणूस चकित होतो, कारण तो कमी खायला सांगत नाही. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं काही, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त खंड नको. आदल्या रात्री कितीही खाल्लं गेलं असलं, तरी सकाळची न्याहारी चुकवायची नाही. इथंच सगळ्यांचा पाय अडखळतो, आणि चक्र तुटतं तेही इथंच. सोबत एक वही ठेवायची: काय खाल्लं, कुठं, कुणाबरोबर आणि त्याआधी मनात काय चाललं होतं. उष्मांक मोजायचे नाहीत. वजनकाट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहायचं. काही आठवड्यांत वही बोलू लागते. गुरुवारी रात्री काय होतं, माहेरच्या फोननंतर काय होतं, ते समोर येतं. मग त्या वेळेसाठी दुसरं काहीतरी हाताशी ठेवता येतं, मैत्रिणीला फोन किंवा सिद्धेश्वर तलावाभोवती एक फेरी. उपचार चालू असताना वजन उतरवण्यासाठी खाणं तोडू नये, असंही ‘नाइस’ बजावते, कारण त्यानं पुन्हा तेच सुरू होतं. आधी हे खाणं आटोक्यात आणायचं, वजनाचं नंतर बघायचं. काहींना औषधांची गरज लागते आणि ती मानसोपचारतज्ज्ञानंच द्यावीत.

मग नवरात्राच्या उपवासाचं काय? श्रद्धेला आमचा विरोध नाही. आजारी माणसाला, गरोदर बाईला, लेकुरवाळीला उपवासातून सूट देण्याची आपली रीत जुनीच आहे. हा त्रास असलेल्यालाही तीच सूट द्यावी. कुणी ‘यंदा माझं जमणार नाही’ म्हटलं, तर सासूबाईंनी कारण न विचारता ‘बरं’ म्हणावं.

मदत इथंच आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२च्या १० ऑक्टोबरलाच सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतून, फुकट बोलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून मानसोपचार मिळणं हा नागरिकाचा हक्क ठरवला, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच धरावं असंही त्यात आहे. शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. पण माणूस मानसोपचाराच्या दारापर्यंत पोचण्याआधी साखर तपासायला, गुडघे दाखवायला, पाळीच्या तक्रारीसाठी दुसऱ्या कुठल्या तरी डॉक्टरकडे गेलेला असतो. तिथं त्याला ‘वजन कमी करा’ एवढंच ऐकायला मिळतं. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली पुढं आला. त्यांच्यापैकी एखाद्याची साखर का आवरत नाही, याचं उत्तर रात्रीच्या त्या डब्यात असू शकतं. सोलापुरातल्या प्रत्येक फॅमिली डॉक्टरनं आणि मधुमेहतज्ज्ञानं, सोबत आलेल्या नातेवाइकांना मिनिटभर बाहेर बसवून, या रुग्णांना दोन प्रश्न विचारावेत. खायला लागल्यावर थांबताच येत नाही, असं कधी होतं का? आणि ते कुणाला कळू नये म्हणून लपवावं लागतं का? ‘हो’ आलं, तर त्या दिवशी आहाराचा तक्ता देऊ नये, मानसोपचारतज्ज्ञाच्या नावानं चिठ्ठी द्यावी.