मार्शल जरा मागे सरकतो

‘गनस्मोक’चे शेवटच्या पाच-सहा वर्षांतले भाग बघायला बसलं की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ही मालिका ज्याच्यामुळे ओळखली जाते तो मार्शल मॅट डिलन बराच वेळ पडद्यावर नसतोच. गोष्ट सुरू होते ती कुठल्यातरी परक्या माणसापासून. कर्जात बुडालेला शेतकरी, तुरुंगातून नुकताच सुटलेला कोणी, पोरंबाळं घेऊन निघालेली एखादी बाई. ही माणसं कॅन्ससमधल्या डॉज सिटीत येतात, तिथे त्यांचं जे व्हायचं ते होतं, आणि मार्शल अधूनमधून डोकावून जातो. जुने चाहते याला घसरण म्हणतात. मी ही मालिका पहिल्यापासून ओळीने पाहिली आहे आणि मला ते पटत नाही. उतरत्या वयात या मालिकेने जे केलं, ते तिच्या भरात असताना तिला साधलं नसतं. त्यासाठी बरंच काही गमवावं लागलं, हेही तितकंच खरं.

काय गमावलं ते कळायला सुरुवातीकडे जावं लागतं. ‘गनस्मोक’ आधी १९५२ मध्ये रेडिओवर आली. नॉर्मन मॅकडोनेल आणि जॉन मेस्टन या दोघांना मोठ्यांनी ऐकावी अशी वेस्टर्न हवी होती. पोरांसाठीच्या काउबॉय-गोष्टी तेव्हा उदंड होत्या. १० सप्टेंबर १९५५ ला ती टीव्हीवर आली आणि पहिल्या भागाआधी खुद्द जॉन वेनने येऊन प्रेक्षकांना तिची ओळख करून दिली. अर्ध्या तासाचे कृष्णधवल भाग. मेस्टनच्या कथा अंगावर येतात. सज्जनाचं भलं होईलच याची त्यात काही खात्री नाही. सूड घेणाऱ्याला समाधान मिळत नाही, मारणाऱ्याला कारण सांगता येत नाही, आणि मार्शल पोचतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. बूट हिलच्या कबरस्तानात एकटा उभा राहून तो दोन शब्द बोलतो, तिथून सुरुवातीचे कितीतरी भाग उलगडतात. पुढे हिंसेच्या चित्रणासाठी गाजलेला सॅम पेकिनपा यानेही त्या काळात या मालिकेसाठी लेखन केलं. १९५७ ते १९६१ असे सलग चार हंगाम ही अमेरिकेतली सर्वांत जास्त पाहिली जाणारी मालिका होती. इतक्या कडवट गोष्टी इतक्या घरांत दर शनिवारी रात्री पाहिल्या जात होत्या, याचं मला अजूनही नवल वाटतं.

१९६१ मध्ये भाग तासाभराचा झाला आणि तिथेच बदलाचं बी पडलं. अर्ध्या तासात एक घाव आणि एक शेवट मावतो. तासाभरात माणसं लागतात. लोहाराच्या भूमिकेत बर्ट रेनल्ड्स आला, तीन वर्षं राहिला आणि गेला. १९६४ मध्ये मॅटचा लंगडा सोबती चेस्टर, म्हणजे डेनिस वीव्हर, मालिका सोडून गेला आणि त्याची जागा फेस्टसने घेतली. एक डोळा मिचकावून बोलणारा, निरक्षर, डोंगराळ मुलखातला, खेचरावरून हिंडणारा हा गडी केन कर्टिसने असा उभा केला की हाच माणूस एकेकाळी टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदात गात होता यावर विश्वास बसत नाही. डॉक्टर ॲडम्स आणि फेस्टस यांची अखंड चाललेली भांडणं हा पुढच्या दहा वर्षांचा विसावा झाला. मिलबर्न स्टोनचा डॉक्टर फेस्टसवर खेकसतो त्यात किती माया आहे, हे शब्दांत कधीच सांगितलं जात नाही, आणि म्हणून ते खरं वाटतं.

मग आलं १९६७ साल. आदल्या वर्षी मालिका रंगीत झाली होती, पण प्रेक्षक ओसरत चालले होते. सीबीएसने ती बंद करायचं ठरवलंही. वाहिनीचे सर्वेसर्वा विल्यम पेली यांनी तो निर्णय फिरवला, आणि सोमवारी संध्याकाळी साडेसातला ‘गिलिगन्स आयलंड’ची जागा ‘गनस्मोक’ला मिळाली. त्या पोरकट विनोदी मालिकेचा बळी गेला आणि ‘गनस्मोक’ पुन्हा पहिल्या पाचांत जाऊन बसली. वेळ बदलली की प्रेक्षक बदलतो. शनिवारी रात्री दहाला मोठी माणसं पाहत होती. सोमवारी साडेसातला घरातली मुलं जागी असतात. मेस्टनची निष्ठुर दुनिया त्या वेळेत टिकणं अवघड होतं. त्याच सुमारास जॉन मँटली निर्माता म्हणून आला आणि शेवटपर्यंत त्याने सूत्रं सांभाळली.

दुसरं कारण मॅटच्या पायात होतं. जेम्स आर्नेस सहा फूट सात इंचांचा, पण १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत त्याचा उजवा पाय गोळ्यांनी जायबंदी झाला होता. वर्षानुवर्षं घोड्यावर चढणं-उतरणं आणि उन्हातान्हात तासन्‌तास उभं राहणं त्याला दुखरं होत गेलं. शेवटच्या वर्षांत त्याच्या चित्रीकरणाचे दिवस कमी केले गेले. नायक आठवड्यातले थोडेच दिवस मिळणार असेल तर लेखकांनी करायचं काय? त्यांनी गोष्टीच परक्या माणसांच्या लिहिल्या.

आणि तिसरं कारण देशातच घडत होतं. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि टीव्हीवरच्या गोळीबाराबद्दल वाहिन्यांवर दडपण आलं. ‘गनस्मोक’च्या शीर्षकदृश्यात इतकी वर्षं मॅट डॉजच्या रस्त्यावर समोरच्या बंदूकधाऱ्याला पाडत असे. ते दृश्य पुढे काढलं गेलं आणि त्याजागी घोडा दौडवत येणारा मॅट दिसू लागला. नावातच बंदुकीचा धूर असलेल्या मालिकेची सुरुवात आता बंदुकीशिवाय होत होती.

ही तिन्ही कारणं बाहेरची, लादलेली. तरी त्यातून जे निघालं ते अस्सल आहे. १९६९ चा ‘मॅनन’ घ्या. मार्शल गावाबाहेर असताना एक खुनशी इसम डॉजमध्ये शिरतो आणि अख्खं गाव वेठीला धरतो. फेस्टस मार खातो, बाकीचे नजर चुकवतात. जुन्या पद्धतीत मॅट तिसऱ्या मिनिटाला रस्त्यात उभा राहिला असता आणि गावाच्या भित्रेपणाकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. तो नाही म्हणूनच ते दिसतं. किंवा १९७० चा ‘द स्कॅव्हेंजर्स’: हत्याकांडातून मीच एकटा वाचलो असं एक गरीब काळा माणूस सांगत सुटतो, चार पैसे आणि थोडा मान मिळेल या आशेने. त्या खोट्यापायी पॉनी या मूलनिवासी जमातीतल्या काही निरपराध लोकांच्या जिवावर बेततं. याफेट कोटोने ती भूमिका अशी केली आहे की त्याचा राग येतो आणि दयाही येते. दोन दबलेल्या समाजांतलं एकाचं खोटं दुसऱ्याच्या गळ्याशी येतं, हा विषय १९५५ च्या ‘गनस्मोक’ने घेतला नसता.

१९७१ मधली तीन भागांची ‘द बुलेट’ मला याहून जवळची आहे. मॅटच्या मणक्याजवळ गोळी अडकते आणि ती काढायला डॉक्टर ॲडम्सचा हात धजावत नाही. म्हणून मॅटला आगगाडीने डेन्व्हरला न्यायचं ठरतं, आणि त्या गाडीवर सोन्यासाठी दरोडा पडतो. सोळा वर्षांत ज्याने हजारदा इतरांना वाचवलं तो आडवा पडून आहे आणि डॉक्टर, गुत्त्याची मालकीण किटी, फेस्टस त्याच्याभोवती. इथे ही माणसं एकमेकांची आहेत हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. इतकी वर्षं एकत्र काढल्याशिवाय ते येत नाही. आपल्याकडची रोजची मालिका दोन-सव्वादोन वर्षांत सहाशे भाग उडवते. ‘चार दिवस सासूचे’ने तर तीन हजारांचा टप्पा ओलांडला. ‘गनस्मोक’ला ६३५ भागांसाठी वीस वर्षं लागली. त्या वीस वर्षांत नट खरोखर म्हातारे झाले आणि कॅमेऱ्याने ते लपवलं नाही. स्टोनच्या हृदयावर १९७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरला काही भागांपुरतं गावाबाहेर पाठवून पॅट हिंगलला दुसरा डॉक्टर म्हणून आणावं लागलं. माणसांचे केस पिकत होते, डॉज मात्र १८७० च्या दशकातच थांबलं होतं. गंमत म्हणजे खऱ्या डॉज सिटीचा गुरांच्या बाजाराचा भरभराटीचा काळ जेमतेम दहा वर्षांचा. मालिका त्याच्या दुप्पट चालली.

थांबलेल्या काळाची सगळ्यात मोठी शिक्षा किटीला झाली. अमांडा ब्लेकची मिस किटी लाँगब्रांच या दारूच्या गुत्त्याची मालकीण, गावातली सगळ्यात शहाणी बाई. सुरुवातीला तिच्या धंद्याबद्दल सूचक का होईना, काही म्हटलं जाई. साडेसातच्या वेळेत तेही पुसलं गेलं आणि ती प्रतिष्ठित मालकीण तेवढी उरली. मॅट आणि तिचं नातं साऱ्या गावाला माहीत, पण वीस वर्षांत ते एक पाऊल पुढे गेलं नाही. डिसेंबर १९७२ च्या ‘होस्टेज’मध्ये गुंड तिला पळवून नेतात, तिच्यावर अत्याचार करतात, गोळी घालतात. मॅट छातीवरचा बिल्ला काढून ठेवतो आणि मगच त्यांच्या मागावर निघतो. प्रसंग जबरदस्त आहे, आर्नेसचा चेहरा विसरता येत नाही. पण त्यातही यातना तिच्या आणि गोष्ट त्याची. वर्षभरात ‘मॅट्स लव्ह स्टोरी’ आली. त्यात स्मृती गेलेला मॅट एका शेतमळा चालवणाऱ्या बाईच्या प्रेमात पडतो. ज्या लेखकांनी परक्या माणसांना इतक्या मायेने जागा दिली, त्यांना घरच्या बाईसाठी एक गोष्ट सुचू नये? १९७४ मध्ये ब्लेक मालिका सोडून गेली. शेवटच्या हंगामात लाँगब्रांचमध्ये दुसरीच मालकीण होती.

सीबीएसने १९७१ मध्ये खेड्यातल्या लोकांच्या बहुतेक मालिका एका फटक्यात काढल्या, त्यातून ‘गनस्मोक’ वाचली. ‘बोनान्झा’ ही दुसरी वेस्टर्न मालिका १९७३ च्या जानेवारीत संपली, तरी ही चालूच राहिली. १९७५ मध्ये मात्र तिला निरोपाचा भागही न देता बंद केलं. ३१ मार्चला दाखवलेला शेवटचा नवा भाग फेस्टसचा, शेतीच्या कामात अडकलेल्या फेस्टसचा, हलकाफुलका. मॅट त्यात नावापुरता.

बारा वर्षांनी, १९८७ मध्ये, ‘रिटर्न टू डॉज’ हा टीव्हीपट आला. त्यात मार्शलचा बिल्ला मॅटचा जुना डेप्युटी न्यूली याच्या छातीवर आहे आणि म्हातारा मॅट गावापासून दूर डोंगरात राहतो. किटी न्यू ऑर्लिन्सहून येते. दोघं भेटतात, बोलतात, आणि तिथेही ती दोघं एकत्र येत नाहीत. लेखकांनी हे का केलं याची कारणं मला ठाऊक आहेत. मालिकेचा स्वभाव, मॅटचा स्वभाव, चाहत्यांची सवय. मला ती एकही मान्य नाहीत.