डब्यातला चहा आणि परसातला चहा

‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी पाठ केलेली आहे. परंतु तिचा अर्थ चहाच्या पेल्यातून कळावा, असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थी चार दिवस शाळेत आला नाही, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. जांबोटीचा पाऊस तो! छत्री असूनही आम्ही चिंब भिजलो. मुलाच्या आईने चुलीजवळ पाट मांडून दिला आणि अवघडून म्हटले, “सर, आज दूध नाही बघा. नुसता गवती चहा आहे, चालंल की?” त्यासरशी मुलाने मान खाली घातली. त्यास ताप होता. परंतु ती मान तापाने नव्हे, लाजेने खाली गेली होती. चहा उत्तम झाला होता व तसे आम्ही बोलूनही दाखविले. तथापि आमचे बोलणे त्यास केवळ शिष्टाचाराचे वाटले असावे.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चोर्ला घाट उतरून पणजीस बहिणीकडे गेलो. तेथे केवळ चहाच विकणारे एक दुकान पाहावयास मिळाले. काचेच्या बरण्यांतून नाना सुवासांचे चहा मांडलेले होते. एका बरणीत चमेलीचा चहा होता. चीन देशात ताजी फुले चहाच्या पानांत मिसळून ठेवतात आणि पानांनी सुवास शोषून घेतला म्हणजे फुले काढून टाकतात. दुसऱ्या बरणीत ‘अर्ल ग्रे’ होता. इटलीच्या कालाब्रिया प्रांतात पिकणाऱ्या बर्गामॉट नावाच्या लिंबासारख्या फळाच्या सालीतील तेलाचा त्यास वास देतात. आम्ही पन्नास ग्रॅमचा एक सोनेरी डबा निवडला आणि चारशे रुपये मोजले. घरी येऊन चष्मा लावून वेष्टन वाचले, तो त्यावर छापले होते : हिरवा चहा, गवती चहा, आले, लिंबाची साल.

पहिल्या दिवशी तो चहा आम्ही आपल्या नित्याच्या रीतीने केला. म्हणजे साखर घालून खळखळ उकळला आणि वर दूध ओतले. परिणाम असा झाला, की एक घोट घेऊन पेला खाली ठेवावा लागला. दोष चहाचा नव्हता, आमचा होता. आपण रोज पितो ती दाणेदार पूड यंत्रात पाने चिरडून, फाडून व वळवून केलेली असते. हे यंत्र 1930 च्या सुमारास आसामात निघाले. ती पूड कडक रंग देते व दुधासाखरेस पुरून उरते. अख्ख्या पानाचा हिरवा चहा मात्र नाजूक. पाणी उकळून थोडे निवू द्यावे, त्यात पाने घालून दोनतीन मिनिटे झाकून ठेवावी आणि गाळून घ्यावे. अधिक उकळल्यास तो कडू होतो.

दुसऱ्या दिवशी तसे केले. आमची आई लहानपणी धण्याजिऱ्याचा कषाय पुढे ठेवताना म्हणे, “पयलीं वास घे, मागीर घोट घे.” तिची आज्ञा पाळून आम्ही पेला नाकाशी नेला, आणि डोळ्यांपुढे ती चूल, तो पाऊस व ती खाली गेलेली मान उभी राहिली. वास तोच होता!

आता कोणी म्हणेल, की मग चारशे रुपये पाण्यात गेले. आम्हांस तसे वाटत नाही. पाने निवडणे, वाळविणे, प्रमाणात मिसळणे, वास उडणार नाही असा डबा करणे, हे श्रम आहेत आणि श्रमांस मोल हवेच. नव्या वस्तूस नाक मुरडणेही योग्य नव्हे. खुद्द चहा आपल्याकडे कालपरवाचाच पाहुणा. आसामातील चहाचा पहिला लिलाव लंडन शहरात 1839 साली झाला, आणि 1903 मध्ये चहावर जो कर बसला, त्या पैशातून पुढे आपल्याच लोकांना चहाची गोडी लावण्याची खटपट झाली. गवती चहा तर मुळात चहाच नव्हे. ते एक गवत आहे. त्यातील ज्या द्रव्यामुळे लिंबासारखा वास येतो, त्यास सिट्राल म्हणतात. लिंबाच्या सालीतही ते असते. ते द्रव्य सोनेरी डब्यात एक आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्या परसातील ठोंबात दुसरे, असे निसर्ग करीत नाही. भेद करतो तो आपण.

आमचा आक्षेप एवढाच आहे, की जी वस्तू दुकानात पाहिली म्हणजे आपण कौतुकाने हाती घेतो, तीच घरात असली म्हणजे आपण तिच्याबद्दल पाहुण्याची क्षमा मागतो. चहाचे राहो, आपली घरची बोली, आईच्या हातची भाकरी, वडिलांचा शेतातील व्यवसाय, यांविषयीही आमचे काही विद्यार्थी असेच अवघडून बोलतात, तेव्हा मन खिन्न होते. ज्याची लाज वाटावी असे त्यांत काय आहे?

सुट्टीनंतर आम्ही तो डबा शाळेत नेला आणि त्या विद्यार्थ्याच्या हाती देऊन फक्त वास घेण्यास सांगितले. त्याने झाकण उघडले, हुंगले आणि चकित होऊन विचारले, “सर, ह्याला पैसे पडतात?” आम्ही किंमत सांगितली. त्यावर तो काही बोलला नाही. परंतु त्याची मान या वेळी खाली गेली नाही.

विद्यार्थिमित्रहो, बाहेरचे जे चांगले असेल ते अवश्य चाखा, आणि ते ज्या रीतीने करावयाचे त्याच रीतीने करून चाखा. परंतु किंमत वाचून चव ठरवू नका. आणि उद्या कोणी पावसात भिजून तुमच्या दारी आले, घरात दूध नसले, तर परसातील चार पाती खुडून आणा, स्वच्छ धुवा, पाण्यात उकळा आणि पेला पुढे करा. ‘नुसता’ हा शब्द मात्र तेवढा गाळून टाका.