कपडे, पाखरं आणि बावीस सप्तमांश

दोस्तांनो, तुमची आई गाते का हो? सगळ्यांसमोर नाही म्हणत मी. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, आपल्याच नादात?

आज एका गाणाऱ्या आईचीच गोष्ट सांगते. तिचं नाव केट बुश, राहणार इंग्लंड. गाणी लिहायची ती स्वतः, चाल लावायची स्वतः आणि गायचीही स्वतःच! १९७८ साली तिचं 'वदरिंग हाइट्स' हे गाणं ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत पहिलं आलं. तेव्हा ती होती अवघी १९ वर्षांची. स्वतः लिहिलेलं गाणं गाऊन तिथे पहिला नंबर मिळवणारी ती पहिलीच स्त्री. पुढच्याच वर्षी तिने गाण्यांचा मोठा दौरा केला. त्यानंतर मात्र ती ध्वनिमुद्रणातच रमली.

१९९३ मध्ये तिचा 'द रेड शूज' हा अल्बम आला आणि मग सगळं शांत झालं. १९९८ मध्ये तिला मुलगा झाला, अल्बर्ट. घरातलं नाव बर्टी. वर्षांमागून वर्षं गेली, नवा अल्बम काही येईना. 'संपलं हिचं गाणं!' असं कुणालाही वाटलं असतं, हो की नाही?

पण गाणं संपलं नव्हतं. बर्टीला वाढवता वाढवता, जमेल तसं, थोडं थोडं काम चालूच होतं. २००५ मध्ये, तब्बल बारा वर्षांनी, 'एरियल' नावाचा जोड-अल्बम आला. त्यात काय होतं माहीत आहे? चक्क घर होतं! एक गाणं लाडक्या बर्टीवर. एका गाण्यात धुण्याच्या मशिनमध्ये गरगर फिरणारे कपडे बघता बघता एक बाई मनाने थेट समुद्रावर जाऊन पोचते. आणि एक गाणं, बरं का, गणितातल्या 'पाय'वर! आपण बावीस सप्तमांश म्हणून सोडून देतो तोच हा पाय. केटने मात्र त्याचे शंभराहून जास्त अंक सुरात गायले आहेत. मधले काही गळले आहेत म्हणे! गणिताच्या सरांना तपासायला सांगा.

दुसऱ्या भागात दुपारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचा एक दिवस आहे आणि त्यात पाखरांची किलबिल. सुरुवातीलाच छोट्या बर्टीचा बोबडा आवाज ऐकू येतो.

बघा, आधी ती कादंबरीतल्या भुताची गोष्ट गात होती. आता रोजच्या कामांतच तिला गाणं सापडलं. मूल झाल्यामुळे गाणं आटलं नाही, ते वेगळ्या वाटेने वाहू लागलं. अर्थात त्याला वेळ लागला. तेवढा वेळ तिने घेतला, घाई केली नाही.

गोष्ट इथेच संपत नाही. २०११ च्या अल्बममध्ये बर्टी स्वतः गायला. एका गाण्यात तो झाला हिमकण, आभाळातून खाली येणारा, आणि आई त्याची वाट बघणारी. मग २०१४ मध्ये लंडनला केटचे २२ कार्यक्रम झाले, १९७९ च्या दौऱ्यानंतर ३५ वर्षांनी! रंगमंचावर तिच्यासोबत सोळा वर्षांचा बर्टीही होता. परत लोकांसमोर उभं राहायचं बळ मुलानेच दिलं, असं तिने मोकळेपणाने सांगितलं आहे.

तेव्हा मित्रांनो, एक काम करा. आज रात्री जेवताना आईला विचारा, "आई, तू पूर्वी काय करायचीस गं? गायचीस? चित्रं काढायचीस? लिहायचीस?" ती म्हणेल, "आता कुठला वेळ!" मग हसून गप्प बसू नका. उठा, ताटं उचला, भांडी विसळा, आणि तिला अर्धा तास मोकळा करून द्या.

आणि बाबा, हे तुम्हीही वाचताय ना? मग कपडे वाळत घालायचं काम आज तुमचं!