वॅन पत्ता पाहिल्याशिवाय बिल फाडू नका

उंद्री, अमडापूर, चिखली भागातल्या वाचकांच्या पत्रांत या महिन्यात एकच तक्रार आहे. राउटर पुढच्या दुकानात, गेम मागच्या खोलीत. पहिल्या पिढीच्या पीएस-फोरला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, म्हणून लॅपटॉपवर वायफाय घेऊन लॅन केबलने पुढे नेट दिलं. संध्याकाळी चाललं, सकाळी बंद. मग तंत्रज्ञाची दुसरी फेरी, दुसरं बिल.

हे दुसरं बिल चुकीचं आहे, हे आपल्याच लोकांना सांगावं लागतं याचा राग येतो. विंडोज-टेनच्या १७०९ आवृत्तीपासून इंटरनेट शेअरिंगवर ४ मिनिटं ट्रॅफिक नसली की ती सेवा थांबते आणि आपोआप सुरू होत नाही. उपाय मायक्रोसॉफ्टनेच दिला आहे: रजिस्ट्रीत शेअर्ड-अ‍ॅक्सेसखाली ‘एनेबल-रिबूट-पर्सिस्ट-कनेक्शन’ची किंमत १ करा, सेवा ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. पहिल्याच फेरीत करायचं हे काम. त्यासाठी विंडोज नव्याने टाकणाऱ्यांनी आपलं दुकान तपासावं.

खरं दुखणं पुढे आहे. लॅपटॉपचं १९२.१६८.१३७.१ हे एक नॅट, राउटरचं दुसरं. एवढ्यावर थांबलं तर राउटरपासून थेट केबल ओढून एक थर काढता येतो. पण राउटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला, तर तिसरं नॅट इंटरनेट कंपनीच्या घरात आहे. तिथे तुम्ही रात्रभर पोर्ट फॉरवर्ड करत बसा, ‘नॅट टाइप ३’ हलणार नाही. मित्राचा आवाज येत नाही, गेममधली खोली उघडत नाही, आणि शिव्या मात्र तंत्रज्ञाला.

कंपनीकडे तक्रार केली की स्पीड टेस्ट मागतात. वेग बरोबर आला की तक्रार ‘निवारण झालं’ म्हणून बंद! ग्राहकाने वेगाची तक्रार केलीच नव्हती. स्वतंत्र पत्ता मागितला तर एका वाचकाला सांगितलं गेलं, व्यावसायिक जोडणी घ्या. शाळेत जाणाऱ्या पोराच्या खेळासाठी व्यावसायिक जोडणी! आयपीव्ही-फोरचे पत्ते अपुरे आहेत हे मान्य. पण सामायिक पत्ता देताय तर प्लॅनच्या कागदावर तसं छापा. ‘ट्राय’च्या २०२४ च्या दर्जा-नियमांत विलंब मोजला जातो, पॅकेट गळती मोजली जाते. मग पत्त्याचा प्रकार ग्राहकाला आधी सांगायला काय हरकत आहे?

तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही. जॉबकार्डावर वॅन पत्त्याचा रकाना आजच घाला आणि तो भरल्याशिवाय कामाला हात लावू नका. तक्रार खोटं कारण देऊन बंद झाली, तर ग्राहकाला कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज करायला लावा. त्याला शुल्क लागत नाही. अर्ज तुम्ही लिहून द्या, सामान्य ग्राहकाला तो जमणार नाही. वॅन पानाचा फोटो आणि तक्रार बंद केल्याचा संदेश, ग्राहकाचं नाव-नंबर झाकून, २० तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाआधी हा गठ्ठा ‘ट्राय’कडे जाईल.