तिला आत एकटीला जाऊ द्या

मामूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, त्याच रात्री घरात बैठक बसली. मामूंना दोन भाऊ, दोन जवान मुलं. पण चहा संपायच्या आत नाव निघालं ते मुमानीचं. "बायको आहे, ती देणारच." मुमानी तेव्हा आत चहाच करत होती.

हे फक्त आमच्या घरचं नाही. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. म्हणून दात्याची तपासणी काय असते, ते तरुणांनी तरी समजून घ्यावं. रक्तगट जुळला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण रक्तगट आणि क्रॉसमॅच ही सुरुवात. पुढचा सगळा खटाटोप देणारा माणूस एका किडनीवर उरलेलं आयुष्य नीट काढेल का, हे बघण्यासाठी असतो. क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, बीपी, ग्लुकोज पाजून साखर. डीटीपीए स्कॅनमध्ये दोन्ही किडन्यांचं काम वेगवेगळं मोजतात आणि त्यात ठळक फरक निघाला, तर चांगली किडनी दात्याकडेच ठेवतात.

वयाचा हिशोबही आपण समजतो तसा नाही. पंचविशीतल्या पोराचे रिपोर्ट आज स्वच्छ असले तरी त्याला पुढे मधुमेह होणार की नाही, हे कुणाला ठाऊक? साठीला स्वच्छ निघालेल्या माणसाचं बरंचसं चित्र समोर आलेलं असतं. मूल व्हायचं आहे अशा मुलीला तर किडनी दिल्यावर गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका जास्त, हे आधी सांगायलाच हवं.

पण सगळ्यात महत्त्वाची तपासणी मशीनवर होत नाही. दात्याशी एकट्याने बोलणं, ती ही तपासणी. '१९९४'च्या कायद्याखालचे २०१४चे नियम सांगतात की दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने पडताळावी. आपण मात्र सोबत दीर, सासू, मुलगा असे तिघं पाठवतो. तिला नको असेल, तर चांगली टीम घरच्यांना 'दाता म्हणून योग्य नाहीत' एवढंच सांगते. ते कारण खोदून काढायचा हक्क आपल्याला नाही.

"इस्लाममध्ये चालतं का?" हे बैठकीत तीनदा विचारलं गेलं. जेद्दाच्या फिकह अकादमीने १९८८मध्येच परवानगी दिली आहे. दात्याच्या जिवाला धोका नको, देणं राजीखुशीने हवं, विक्री नको, या अटींवर. परवानगी सगळ्यांना पाठ होती. राजीखुशीचं मुमानीला कुणी विचारलं नव्हतं.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, योग्य नाहीत. घरात कुजबुज सुरू झाली, "मुमानी नापास." मी सॉफ्टवेअरवाला. टेस्टमध्ये दोष वेळेवर सापडला, तर आमच्याकडे टेस्ट करणाऱ्याला शाबासकी मिळते. इथे तिच्याकडे अपराध्यासारखं बघत होते. कारण तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मामू अजून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. त्यांच्या थोरल्या भावाने, वय अठ्ठावन्न, गेल्या सोमवारी पहिलं रक्त दिलं. मुमानीने त्यांचा डबा भरून दिला होता.